यादीत नाव नाही!

आपल्या इंजिनिअरिंगच्या लाइफमध्ये 'लास्ट डेट' या दोन शब्दांची जेवढी दहशत आहे, तेवढी दुसऱ्या कशाचीच नसेल. एम-थ्रीसुद्धा बिचारा दुसऱ्या नंबरवर! एक्झाम फॉर्मची लास्ट डेट, मग लेट फीसकट लास्ट डेट, मग सुपर लेट फीसकट लास्ट डेट... म्हणजे आपल्याकडे गेलेली तारीख पैसे भरून परत मिळते. खेळात तसं नाही. तिथे तारीख गेली की गेली, मग तुम्ही जगातल्या सगळ्यात वेगवान मुलींपैकी एक का असेना.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर फेव्हर ओफिली या नायजेरियन मुलीची गोष्ट वाचा. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ती १०० मीटरसाठी पात्र ठरली होती. पण ट्रॅकवरच्या स्पर्धा सुरू होण्याच्या अगदी तोंडावर तिला कळलं की १०० मीटरच्या यादीत तिचं नावच नाही. दुखापत नाही, डोपिंग नाही, काही नाही. नाव पाठवायचं राहून गेलं, बस. तिने सोशल मीडियावर लिहून टाकलं की मी क्वालिफाय झाले होते, पण ज्यांनी नाव घालायचं त्यांनी घातलं नाही. मग नेहमीचंच! अॅथलेटिक्स महासंघ म्हणतो आम्ही नाव दिलं होतं, मंत्री म्हणतात खुलासा द्या, आणि खापर फोडायला एकमेकांची डोकी शोधणं सुरू. तोपर्यंत १०० मीटर पळून झालीसुद्धा! सेंट लुसियासारख्या चिमुकल्या देशाच्या ज्युलियन आल्फ्रेडने १०.७२ सेकंदांत सुवर्णपदक नेलं. ओफिली जिंकली असती असं मी म्हणत नाही. पण ११ सेकंदांच्या आत धावलेल्या मुलीला निदान हरायला तरी मिळायला हवं होतं की नाही?

आणि खरी चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. कागदपत्रांनी तिला दगा देण्याची ही पहिली वेळ नव्हती. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिम्पिकच्या वेळी ती जेमतेम १८ वर्षांची होती, अमेरिकेत लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत शिकत होती. म्हणजे आपल्या फर्स्ट इयर-सेकंड इयरच्या पोरापोरींएवढीच. तेव्हा नायजेरियाच्या तब्बल १० खेळाडूंना ऑलिम्पिक सुरू झाल्यावर अपात्र ठरवलं गेलं, त्यात ती होती. कारण काय? ज्या देशांत डोपिंगचा धोका जास्त मानला जातो त्यांना 'कॅटेगरी ए' म्हणतात. अशा देशाच्या खेळाडूची मोठ्या स्पर्धेआधीच्या दहा महिन्यांत, स्पर्धा नसताना, अचानक येऊन, किमान तीन वेळा टेस्ट झालेली असली पाहिजे, आणि दोन टेस्टमध्ये किमान तीन आठवड्यांचं अंतर हवं. या टेस्ट नीट होतील हे बघणं देशाच्या महासंघाचं काम. ते झालं नाही. म्हणजे खेळाडू टेस्टमध्ये नापास झाले नव्हते, त्यांची परीक्षाच पुरेशी घेतली गेली नव्हती! त्यातल्या काहीजणांनी टोकियोत हातात फलक धरून निदर्शनं केली.

या दहा जणांत ॲनेट एचिकुन्वोके नावाची हातोडाफेकपटू होती. ती मूळची अमेरिकेतच जन्मलेली. पुढे ती अमेरिकेकडून खेळायला लागली आणि पॅरिसमध्ये तिने रौप्यपदक मिळवलं. अमेरिकेच्या महिलांना ऑलिम्पिकमध्ये हातोडाफेकीत मिळालेलं हे पहिलंच पदक. फाइल सांभाळता आली नाही तर माणसं अशी जातात.

आता आपल्यासारख्यांना पडणारा पहिला प्रश्न. अरे, एक नावच तर ॲड करायचं आहे! एक्सेल शीटमध्ये एक रो इन्सर्ट करायला असा किती वेळ लागतो? मलाही आधी हेच वाटलं होतं. पण थोडं खोलात गेल्यावर दिसतं की ती रो इतकी स्वस्त नसते.

एक म्हणजे कोटा. पॅरिसमध्ये महिलांच्या १०० मीटरसाठी ५६ जागा ठरलेल्या होत्या (लहान देशांना मिळणाऱ्या सवलतीच्या जागा वेगळ्या). एका देशाच्या जास्तीत जास्त तीन मुली. ११.०७ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ ठरलेल्या मुदतीत दिली तर थेट प्रवेश, आणि उरलेल्या जागा जागतिक रँकिंगमधून भरायच्या. एखाद्या देशाने आपल्या पात्र खेळाडूची जागा घेतली नाही तर ती रिकामी ठेवत नाहीत, रँकिंगमध्ये खाली असलेल्या पुढच्या मुलीला देतात. आपल्या कॅप राउंडसारखंच! सीट कन्फर्म केली नाही की ती पुढच्या राउंडला दुसऱ्याला अलॉट होते. आता त्या दुसऱ्या मुलीने विमानाचं तिकीट काढलेलं असतं, तिच्या गावात फटाके फुटलेले असतात. तुमचं नाव आता घुसवायचं तर एकतर तिला काढा, नाहीतर कोटा मोडा. आणि एकासाठी मोडला की दोनशे देश दारात उभे!

दुसरी गोष्ट हीट्सची. खेळाडूंना हीट्समध्ये चिठ्ठ्या टाकून वाटत नाहीत. आधी त्यांना कामगिरीप्रमाणे नंबर लावतात आणि मग नागमोडी पद्धतीने वाटतात, म्हणजे सगळे तगडे एकाच हीटमध्ये यायला नकोत. समजा १२ जण आहेत आणि ३ हीट्स. तर पहिल्या हीटमध्ये १, ६, ७, १२, दुसरीत २, ५, ८, ११ आणि तिसरीत ३, ४, ९, १० असे जातात. आता पाचव्या नंबरच्या तोडीचा एक विसरलेला खेळाडू मध्ये घाला. सगळे एकेक नंबर खाली सरकतात. जुन्या ५ ते १२ मधल्या आठपैकी पाच जणांची हीटच बदलते! (कागदावर करून बघा, लेक्चरला चांगला टाइमपास आहे.) म्हणजे ज्याचा या चुकीशी काडीचा संबंध नाही, त्याच्यासमोरचे प्रतिस्पर्धी बदलले. शिवाय लेन मोजक्याच. पॅरिसच्या त्या जांभळ्या ट्रॅकवर नऊ होत्या, दहावी कुठून आणणार?

म्हणून संयोजक हट्टी असतात, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. प्रश्न त्यांच्या हट्टाचा नाही. प्रश्न हा आहे की ज्याची शर्यत आहे त्याच्या हातात काहीच का नसतं?

ऑलिम्पिक चार्टरप्रमाणे खेळाडू स्वतःचं नाव देऊच शकत नाही. ते फक्त देशाची ऑलिम्पिक समिती देऊ शकते. खेळाडू कोचला सांगतो, कोच महासंघाला, महासंघ ऑलिम्पिक समितीला, समिती संयोजकांना. चार हात, आणि प्रत्येक हाताला वाटतं की आपल्या आधीच्याने नीट केलं असेल. कॉम्प्युटर आणि ईएनटीसीच्या मंडळींना टीसीपी आठवत असेल. पॅकेट पाठवलं की समोरून 'मिळालं' असं ॲक्नॉलेजमेंट येतं, नाही आलं तर पाठवणारा पुन्हा पाठवतो. एंट्रीच्या या साखळीत गंमत अशी की ॲक्नॉलेजमेंट आलं तरी ते मधल्या माणसाकडे येऊन थांबतं, खेळाडूपर्यंत जात नाही. पॅकेट हरवल्याचं त्याला कळतं ते थेट स्टार्ट लिस्ट लागल्यावर. (आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांची एक वेगळीच अडचण. 'एंट्री'ला मराठी शब्द शोधला तर 'प्रवेशिका' मिळाला. पण प्रवेशिका म्हटलं की मला बालनाट्याचं तिकीटच आठवतं, म्हणून एंट्रीच लिहितेय. सांभाळून घ्या.)

आपल्याकडचं उदाहरण पाहिजे? २०१७ चा जुलै आठवा. भुवनेश्वरला आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धा झाली आणि केरळच्या पी. यू. चित्राने १५०० मीटरमध्ये सुवर्णपदक जिंकलं. पुढच्याच महिन्यात लंडनला जागतिक स्पर्धा होती. आशियाई विजेती म्हणून तिला तिथे जाता आलं असतं, पण भारतीय महासंघाने निवडलेल्या संघात तिचं नाव नव्हतं. ४:०७.५० ही पात्रतेची वेळ होती आणि भुवनेश्वरची तिची वेळ होती ४:१७.९२. दहा सेकंदांचा फरक, त्यामुळे महासंघाच्या बाजूनेही बोलण्यासारखं काही होतंच, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ती केरळ हायकोर्टात गेली. कोर्टाने तिला पाठवा असा आदेश दिला. महासंघाने आंतरराष्ट्रीय संघटनेला विनंती केली. उत्तर आलं: एंट्री २४ जुलैला बंद झाल्या आहेत. विषय संपला!

इथपर्यंत ही निवडीची भानगड होती. एंट्रीच्या चुकीची गोष्ट पुढे आहे. स्टीपलचेसमधली आशियाई विजेती सुधा सिंग हिलाही संघातून वगळलं होतं. पण लंडनची एंट्री लिस्ट जाहीर झाली तर त्यात सुधाचं नाव होतं! महासंघाचं म्हणणं पडलं की ते नाव यादीत चुकून राहिलं. म्हणजे बघा हं. जिला पाठवायला कोर्ट सांगतंय तिचं नाव आत जात नाही, आणि जिला पाठवायचं नाही तिचं नाव बाहेर येत नाही. अखेर दोघीही लंडनला धावल्या नाहीत. पुढच्या वर्षी, २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, चित्राने १५०० मीटरचं ब्राँझ आणि सुधाने स्टीपलचेसचं रौप्य मिळवलं.

नको असलेली एंट्री काय गोंधळ घालते त्याचा कळस २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये झाला. अल्जेरियाचा तौफिक मखलूफी १५०० मीटरच्या फायनलला पोहोचला होता. त्याचं नाव ८०० मीटरमध्येही होतं, आणि ते वेळेत मागे घ्यायचं अल्जेरियाच्या लोकांकडून राहिलं. नियम असा की नाव कन्फर्म झालं की धावलंच पाहिजे, नाहीतर पुढच्या सगळ्या शर्यतींतून बाद. आणि धावायचं तेही मनापासून. फायनलच्या आदल्या दिवशी सकाळी हा पठ्ठ्या ८०० ला उतरला, थोडा रमतगमत पळाला आणि ट्रॅक सोडून आत गेला. रेफरीने 'प्रामाणिक प्रयत्न केला नाही' म्हणून त्याला स्पर्धेतूनच काढलं! मग गुडघा दुखत असल्याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट आलं आणि त्याच दिवशी त्याला परत घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या दुखऱ्या गुडघ्याने १५०० मीटरचं सुवर्णपदक जिंकलं, ३:३४.०८ मध्ये. मेडिकल सर्टिफिकेटची पॉवर आपल्याला वेगळी सांगायला नको!

पोलंडने तर टोकियोला उलटीच करामत केली. २३ जलतरणपटू नेले, आणि नियमाप्रमाणे बसत होते १७. सहा जणांना पोहण्याआधीच घरी पाठवावं लागलं.

हे सगळं मोठ्या लोकांचं झालं. पण मला या विषयावर लिहावंसं वाटलं त्याला कारण एक साधा मुलगा आहे. दुसऱ्या कॉलेजात शिकणारा, माझ्या भावाच्या हॉस्टेलमधला एक सीनिअर १५०० मीटर पळायचा. रोज पहाटे साडेपाचला उठून, सबमिशन असो की व्हायवा. इंटरकॉलेजिएटला गेला तर यादीत त्याच्या नावापुढे १५०० ऐवजी ५००० लिहिलेलं. फॉर्म कुणी भरला, टिक कुणी चुकवली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्याने खूप विनवण्या केल्या. टेबलावरचे सर चांगले होते म्हणे, पण ते म्हणाले, "बाळा, तुला घेतलं तर मागे उभे असलेले आठ जणही घ्यावे लागतील." मागे खरंच सात-आठ मुलं उभी होती, प्रत्येकाची असलीच काहीतरी तक्रार. मग हा ५००० पळाला. साडेबारा फेऱ्या, प्रॅक्टिस नसताना. अकरावा आला. ते त्याचं फायनल इयर होतं. नोकरी लागल्यावर स्पाइक्स त्याने ज्युनिअरला देऊन टाकले.

अशा वेळी 'जाऊ दे रे, पुढच्या वर्षी' म्हणणं सोपं असतं. पण कॉलेजच्या खेळाडूकडे वर्षं असतात किती? चार. त्यातलं पहिलं लाजण्यात जातं आणि शेवटचं प्लेसमेंटमध्ये. ऑलिम्पिकवाल्याचं गणित तर आणखी वाईट, चार वर्षांतून एकदा, आणि शरीर थांबत नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये एडी हार्ट आणि रे रॉबिन्सन हे अमेरिकन धावपटू १०० मीटरच्या दुसऱ्या फेरीला पोहोचलेच नाहीत, कारण त्यांच्या कोचकडे जुनं वेळापत्रक होतं. दोघांनीही त्याच वर्षी अमेरिकेच्या निवड चाचणीत तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. बसची वाट बघताना त्यांनी टीव्हीवर १०० मीटरचे धावपटू पाहिले आणि त्यांना वाटलं सकाळचीच शर्यत पुन्हा दाखवतायत. ती लाइव्ह होती. गाडी भरधाव काढली, पण त्यांच्याबरोबरचा रॉबर्ट टेलर तेवढा कसाबसा स्टार्टला पोहोचला, आणि त्याने पुढे रौप्य मिळवलं. हार्टला नंतर रिलेचं सुवर्ण तरी मिळालं, रॉबिन्सनला काहीच नाही.

सगळ्याच गोष्टी रडक्या नाहीत, एक चांगलीही आहे. तेजस्विन शंकर, आपला उंच उडीवाला, अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकत होता. २०२२ मध्ये तिथल्या कॉलेज चॅम्पियनशिपमध्ये त्याने २.२७ मीटर उडी मारून विजेतेपद घेतलं, आणि भारतीय महासंघाने कॉमनवेल्थ गेम्ससाठी ठेवलेला निकषही २.२७ मीटरचाच होता. पण महासंघाचं म्हणणं, चेन्नईच्या आंतरराज्य स्पर्धेत खेळायला हवं होतं किंवा सूट मागायला हवी होती. तो दिल्ली हायकोर्टात गेला. मग रिलेतल्या आरोकिया राजीवच्या जागी त्याला घ्यायचं ठरलं. आता संयोजक म्हणाले, रिलेवाल्याच्या जागी उंच उडीवाला कसा चालेल? एंट्री नामंजूर! पुन्हा पाठपुरावा, आणि स्पर्धा सुरू व्हायला आठवडाही उरला नसताना एंट्री मंजूर झाली. बर्मिंगहॅमला त्याने २.२२ मीटर उडी मारून ब्राँझ घेतलं. कॉमनवेल्थमध्ये उंच उडीत भारताला मिळालेलं पहिलं पदक! ते एक नाव शेवटपर्यंत नामंजूर राहिलं असतं तर आपल्या हिशेबात एक पदक कमी पडलं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

तेजस्विनचं जमलं आणि ओफिलीचं नाही, यात नशीब आहेच. पण वेळही आहे. त्याला नाव नसल्याचं महिनाभर आधी कळलं होतं, तिला ऐन वेळी. म्हणजे चूक होऊ न देण्याइतकंच ती लवकर दिसणं महत्त्वाचं आहे. अमेरिकन कॉलेजांत नाव कोचच देतात, पण कुठल्या इव्हेंटमध्ये कोण कितव्या नंबरवर आहे ती यादी वेबसाइटवर सगळ्यांना उघडी असते. स्वतः खेळाडू बघतो, त्याची आई बघते, शत्रू कॉलेजवालेसुद्धा बघतात. इतके डोळे असले की चूक लपायला जागा कमी मिळते. आपल्याकडे इंटरकॉलेजिएटचा फॉर्म जिमखान्यातून जातो, त्यावर सही-शिक्का होतो आणि मग तो थेट ग्राउंडवर भेटतो. त्याची एक झेरॉक्स बोर्डावर लावायला एक रुपया लागतो. तेवढं यंदा जिमखाना सेक्रेटरीने मनावर घ्यावं. आणि खेळणाऱ्यांनी "सर, माझं नाव गेलं ना?" एवढंच विचारून थांबू नये, कारण त्याचं उत्तर कायम "हो" असतं. "सर, फॉर्म बघू?" असं विचारावं.

ओफिलीचं पुढे काय झालं ते राहिलंच. पॅरिसमध्ये २०० मीटरच्या यादीत मात्र तिचं नाव होतं. ती फायनलपर्यंत गेली आणि सहावी आली. नायजेरियाची मुलगी ऑलिम्पिकच्या २०० मीटर फायनलमध्ये बऱ्याच वर्षांनी दिसली. २०२५ च्या जून महिन्यात बातम्या आल्या की तिने नायजेरिया सोडून तुर्कस्तानकडून धावायचं ठरवलं आहे. देश बदलायचा म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा कागदपत्रं, आणि सर्वसाधारण नियमाप्रमाणे तीन वर्षं थांबणं.